सुखदेवाची बायको आणि शालिनीताई

शालिनीताई गावंडे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणात झाली. त्यांच्या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, म्हणून संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, बेलाशक लिहा, ताईंची अर्धी माणसं भांडणातूनच त्यांच्याकडे आली आहेत.

अमरावतीत माझं कृषी केंद्र आहे. पेरणीचे दिवस होते आणि फोडलेली बियाण्याची थैली परत घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकावर मी तोंडसुख घेत होतो. माझं तोंड फटकळ आहे, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दारात एक वयस्क बाई छत्री टेकून शांतपणे ऐकत उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, ‘आवाज चांगला आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. पण तुमी तो वाया घालवून राहिले.’ मी विचारलं, बाई, तुम्हाला बियाणं पाहिजे की भाषण द्यायचं आहे? ‘रिकामा बारदाना पाहिजे,’ त्या म्हणाल्या. ‘नाटकाच्या पडद्याले. अन् घेऊन तुमीच या.’ पोती पोहोचवायला गेलो तो तालमीत अडकलो, आणि अजून सुटलेलो नाही.

ताईंनी अकोल्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या अमरावतीला राहायला आल्या आणि आमची नाट्यमंडळी उभी केली. मंडळी म्हणजे कोण? मी, शाळेत शिकवणाऱ्या मीनाक्षीताई, एक रिक्षावाले, दोन पेन्शनर. अशांकडून काम करून घ्यायची ताईंची एक रीत आहे. तालमीला बसलं की त्या प्रत्येकापुढे लसूण नाहीतर शेंगा ठेवतात. सोलता सोलता संवाद म्हणायचे. ‘रिकाम्या हातानं बोललं की माणूस खोटं बोलते,’ असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा हा प्रकार खुळचटपणाचा वाटला. पुढे कळलं की हात कामात असले म्हणजे आवाज आपोआप घरच्यासारखा येतो. सोललेला लसूण ताई ज्याच्या घरी कार्य असेल त्याच्याकडे पाठवून देतात. ताईंचा चहा मात्र पिववत नाही, आणि हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. आज मी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी ताईंनी एक जुनी अमेरिकन गोष्ट नाटकासाठी घेतली. तिकडच्या कथा-वाङ्मयाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. एक आळशी पण मनमिळाऊ माणूस बायकोच्या बोलण्याला कंटाळून डोंगरात जातो, तिथे भेटलेल्या विचित्र लोकांची दारू पितो आणि झोपतो. उठतो तेव्हा कितीतरी वर्षं लोटलेली असतात. गावी येतो तर राज्य बदललेलं, पोरगी मोठी झालेली आणि बायको मेलेली.

ताई म्हणाल्या, ‘गोष्ट उचलून आणायची नसते. तिला आपल्या घरची सून करून आणायची.’ मग तो माणूस आमचा सुखदेव झाला, हरवलेला बैल शोधत मेळघाटात गेलेला. मोहाची पिऊन तो झोपला तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि राजधानी नागपूर होती. उठून आला तर लोक राजधानी म्हणून मुंबईचं नाव घेत होते. ‘नागपूर कुठं गेलं बाप्पा?’ असं तो विचारतो, तेव्हा आमच्याकडे हमखास हशा होतो. सुखदेव मी होतो. बायको मीनाक्षीताई.

मूळ गोष्टीत ती बायको कजाग आहे. फेरीवाल्याशी भांडता भांडता तिची शीर तुटते आणि ती मरते, एवढ्यावर तिचा निकाल लागतो. ताईंनीही पहिल्या खर्ड्यात तसंच ठेवलं होतं, फक्त फेरीवाल्याच्या जागी कासार आणला होता. आम्ही सगळे त्या वाक्याला खो खो हसायचो.

एके दिवशी माझी आई तालमीत बसलेली होती. ती अमरावतीजवळच्या वलगावला राहते. आमचा घरचा धंदा भाजीपाल्याचा. आई डोळे दाखवायला शहरात आली होती, म्हणून तिला सोबत नेलं. तीही लसूण सोलत होती. आम्ही हसलो, ती हसली नाही. कोणाकडे न बघता म्हणाली, ‘एवढी वर्सं थ्या पोरीले पोसलं कोनं?’

इथे माझ्या घरचं थोडं सांगणं भाग आहे. मी शाळेत असताना माझे वडील कामाला म्हणून बाहेरगावी गेले, ते परत आले नाहीत. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. आईनं वाडी कसली, आम्हा दोघा भावंडांना वाढवलं आणि कपाळाचं कुंकू तसंच ठेवलं. नाटकाच्या त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरू लागलं, तेव्हा पाहुणे विचारू लागले, बाप आहे की नाही ते एकदा सांगा. काकांनी धोशा लावला, भावाचा पळसाच्या पानांचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दिवस करू आणि मोकळे होऊ. म्हणजे आईनं कुंकू पुसायचं. काका वाईट नव्हेत, पण घरातला गडबडगुंडा त्यांना सहन होत नाही. विषय निघाला की आई उठून वाडीत जाई.

ताईंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आईचा प्रश्न ऐकून त्यांनी वही मिटली आणि तालीम थांबवली. पुढच्या आठवड्यात त्या बसनं एकट्या वलगावला गेल्या. आईसोबत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या. तिला काही विचारलं नाही. तेवढ्यात काका आले आणि परक्या बाईसमोर त्यांनी तोच विषय काढला. वर हसत म्हणाले, ‘दिवस केल्यावर भाऊ आलाच परत, तं शास्त्रात सोय हाये. मेलेला मानूस नव्यानं जन्मला म्हनाचं. पाळन्यात घालाचं, नाव ठेवाचं, अन् त्याच बायकोसंगं पुन्हा लगन लावाचं.’

ताईंनी परत येऊन नाटकाचा सगळा उत्तरार्ध फाडला. आता बायको जिवंत होती. नवऱ्याचे दिवस गावानं करून टाकलेले, आणि तो दाढी वाढवून दारात उभा. पहिला प्रयोग वलगावलाच करायचा, असं ताईंनी ठरवलं. पण त्याआधी त्या आईकडे गेल्या. ‘यात तुमच्या घरचं आलं आहे. तुम्ही नको म्हणाल तर हे नाटक होणार नाही,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मंडळींचे कित्येक महिने त्यात गेले होते, तरी सांगितलं. आई म्हणाली, ‘होऊ द्या. मले पाहाचं हाये थे बाई काय करते.’

प्रयोगाला मैदान भरलं होतं. पांढऱ्या दाढीचा मी पाळण्यात गुडघे दुमडून बसलो, आणि समोर बसलेल्या बायकांनी आपणहून पाळणा म्हणायला सुरुवात केली. आमच्या नाटकात गाणं नव्हतंच. पण पाळणा दिसला की आमच्याकडच्या बायकांना राहवत नाही. नाव ठेवून झालं. भटजी म्हणाले, आता लगीन. तेव्हा मीनाक्षीताई पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘आदी मले त इचारा.’ तिथे नाटक संपतं. ती हो म्हणते की नाही, हे ताईंनी लिहिलेलंच नाही.

लोक पांगले. आम्ही रंग पुसत होतो. काका आत आले आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाले, ‘वैनी, नाटक झालं. आता खरं बोला. येत्या अवसेले उरकून टाकू काय?’

आई म्हणाली, ‘भाऊजी, थे आले तं येवो, नाई आले तं त्याइची मर्जी. मी वाट पाहून नाई राहिली. मी संसार करून राहिली. माह्या कपायाच्या कुकवाचं मी पाहीन.’

माझ्या हातातली दाढी तशीच हातात राहिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काका आईची पिशवी उचलून म्हणाले, ‘चाला, घरी सोडतो.’

अकोल्याच्या नाट्यस्पर्धेतला प्रयोग जवळ आला होता. आम्ही सगळ्यांनी ताईंना गळ घातली की आईचं ते वाक्य शेवटी घाला, नाटक उचललं जाईल. मीही म्हणालो, माझी काही हरकत नाही. ताई माझ्यावर भडकल्या. ‘तुझी हरकत विचारली कोणी? ते नाटकाचं वाक्य नाही, त्यांचं आहे. त्यांनी ते कमावलंय.’ अकोल्यात नाटक पहिल्यासारखंच, प्रश्नावर संपलं. परीक्षकांनी शेवट अपुरा वाटतो असा शेरा मारला. ताईंनी त्यांनाही तो भयंकर चहा पाजला आणि मान डोलावली. मी अनेक लेखक पाहिले आहेत. हाताशी आलेलं असं वाक्य सोडून देणारं माणूस मात्र हे एकच. (इथे ते मी आईला विचारूनच लिहिलं आहे.)

पळसाचा पुतळा झाला नाही. बहिणीच्या लग्नात कन्यादानाला आई एकटी बसली, कुंकू लावून. पाणी सोडायची झारी काकांनी धरली होती. ताई मांडवात लसणाची टोपली घेऊन आल्या होत्या.

ताईंच्या अमृतमहोत्सवाचा लेख लिहितो आहे, असं आईला सांगितलं. शुभेच्छा कशा द्याव्या, ते मला साधत नव्हतं, म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘बाईले म्हना, तब्बेतीले जपा, येळेवर जेवा. अजून कितीक बाया नाटकात फुकट मरून राहिल्या. त्याइले जितं कराचं हाये.’

ताई, माझंही मागणं एवढंच आहे.