वासगुरुजींची काजळी

वासगुरुजींच्या हाती कोणतीही वस्तू आली की ती आधी नाकाशी जाई आणि मग डोळ्यांसमोर. पोस्टाचे पाकीट फोडण्यापूर्वी ते हुंगत आणि म्हणत, "हळदीच्या हातानं बंद केलं आहे; लग्नाचंच असेल." मुलाची पाटी ओल्या फडक्याने पुसली आहे की थुंकीने, हे ते पाटी हुंगून सांगत, आणि ते मूल लाजून फडके आणायला पळे. दवनीवाड्याच्या शाळेत ते शिकवीत. त्यांचे खरे नाव शाळेच्या कागदांवर तेवढे उरले होते. सारा गाव त्यांना वासगुरुजीच म्हणे. ते माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. पण मनातल्या मनात मीही त्यांना वासगुरुजीच म्हणत आले.

त्यांच्या सायकलीलाही स्वतःचा वास होता. खोबरेल, रबर, आणि कॅरिअरला बांधलेल्या पिशवीतल्या चण्यांचा. चेनला ते उरलेसुरले खोबरेल घालीत, त्यामुळे उन्हात ती सायकल एखाद्या न्हालेल्या बाईसारखी दरवळत असे. गोंदियातला सायकलदुरुस्तीवाला हात जोडून म्हणे, "गुरुजी, इसको तेल लगाते हो कि चंपी करते हो?" मामा गंभीरपणे उत्तर देत, "डोकं तिचंच चालतं भाऊ, माझे फक्त पाय."

आम्ही कुडव्याला राहत होतो; वडील तांदळाच्या गिरणीत कारकून होते. मामा आले की मला अंगणात उभी करून माझ्या नाकाशी काहीतरी धरीत. चिंचेचे पान, जुने पुस्तक, विझलेला कोळसा. "डोळे मीट. आता सांग, कसा आहे?" मी 'छान' म्हटले की ते हात मागे घेत. "छान म्हणालीस म्हणजे तू वास घेतलाच नाहीस. कशासारखा आहे, ते सांग." मग मी चाचपडत काही बोले आणि ते मान हलवीत, "जवळ आलीस. अजून." या 'अजून'ने माझे बालपण भरले आहे.

आता काजळीविषयी सांगायला हवे. काजळी हे धान. दाणा बारीक, आणि टोकाशी काजळाचे बोट लावावे तसा काळा ठिपका. मामींनी ते माहेराहून आणले होते. देवरीच्या खालच्या अंगाला त्यांचे माहेर. त्या गावात मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत माहेरच्या धानाची मूठ घालीत आणि ती मूठ सासरच्या शेतात पेरली जाई. मामींनी त्या मुठीचे दरवर्षी बीज धरून एक अख्खी बांधी, म्हणजे बांधाने वेढलेले भाताचे खाचर, उभी केली होती. सणाच्या दिवशी त्यांच्या घरी काजळी शिजली की तिसऱ्या घरापर्यंत कळे.

मी दहा वर्षांची असताना, माघात, मामी तापाने अंथरुणाला खिळल्या, आणि आई मला घेऊन त्यांच्या मदतीला गेली. आमच्याकडे धान कांडण्यापूर्वी उकडतात. त्याचा उसना तांदूळ वर्षभर पुरतो. कामाच्या घाईत आईने शेणामातीने लिंपलेली एक लहान ढोली फोडली आणि त्यातले धान हंड्यात ओतले. ते बीज होते. हंड्याला वाफ आली तसे घर एका विलक्षण सुगंधाने भरले. आम्ही मुले नाचू लागलो. आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला, "काजळी कोनं उकडली?" मग त्या भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आल्या, हंड्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ननदबाई, तुमी माहं माहेर उकडलं."

उकडलेला दाणा पुन्हा रुजत नाही. आईने त्याच संध्याकाळी माझा हात धरला आणि ती घरी परतली. त्यानंतर तिने भावाच्या उंबऱ्यात पाऊल टाकले नाही. मामींनी बोलावले नाही, आणि आई बोलावल्याशिवाय जाणार नव्हती. सुगंधी तांदूळ ती शिजवी, आम्हाला वाढी आणि स्वतः ज्वारीची भाकरी घेऊन बसे. दोन्ही बायका मानी. मध्ये मामा, दरवर्षी भाऊबिजेला एकटेच सायकलवर येणारे.

ओवाळणी झाली की ते परत जात नसत. कुडव्याहून सायकल दक्षिणेला वळवीत आणि सुट्टी संपेपर्यंत गावोगाव हिंडून काजळीचे बीज शोधीत. पहिल्या वर्षी ते अर्थातच मामींच्या माहेरी गेले. तिथे भावांनी काजळी केव्हाच सोडून दिली होती. वास पोट भरत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग मामा आमगावापासून देवरीपर्यंत, आणि देवरीपासून रानातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेले. प्रत्येक गावी शेतकऱ्यांत बसून विचारीत, दिलेल्या धानाचा एक दाणा दातांखाली फोडीत, डोळे मिटीत, आणि मान हलवीत. परत येताना कॅरिअरवर लहान लहान पुरचुंड्या असत, प्रत्येकीवर गावाचे नाव. काजळी त्यात नसे. मामी त्या पुरचुंड्या पाहून म्हणत, "बहिणीनं उकडली, भाऊ शोधून राहिला. मी कायले बोलू?" पण प्रवासाचे चणे त्याच भाजून देत, आणि ते कधी कमी पडले नाहीत.

पाचव्या वर्षी, मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, मामा म्हणाले, "या खेपेला हिला नेतो. नाक तयार झालं आहे." वडिलांनी पोरीच्या जातीने गावोगाव सायकल फिरवण्याबद्दल बरेच काही ऐकवले. आईने पेटीतून आपले जांभळ्या काठाचे सुती लुगडे काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "परक्या घरी जाशील, पदर असू दे." सायकल मला मामांनीच कापणी झालेल्या बांधीत शिकवली होती. भाड्याची एक सायकल ठरवली, लुगडे घट्ट खोचले, आणि आम्ही निघालो.

त्या सहा दिवसांची दौलत मला अजून पुरते आहे. सकाळी धुक्यात बांधांवरचे गवत चाकांना ओले करी. कापलेल्या धानाच्या पेंढ्या खाचरांत निजलेल्या असत. तलावाजवळून जाताना हवा एकदम गार होई आणि शिंगाड्याच्या वेलीचा हिरवा, किंचित कुजकट वास अंगावर येई. चढ लागला की मामा उतरून सायकल हाताने नेत आणि तिच्याशीच बोलत, "थकली का वो? चाल, देवरीले पाणी पाजतो." शाळेतली त्यांची पुस्तकी भाषा आमगावाच्या पुढे खडूच्या भुकटीसारखी झडून जाई. मोहाच्या झाडाखाली आम्ही चणे खात असू. पंक्चर झाले की ते ट्यूब पाण्यात बुडवीत आणि बुडबुडा दिसला की आनंदाने म्हणत, "बोलली! दुखतं कुठं ते सांगते, माणसांपेक्षा बरी."

देवरीच्या रात्री मामा थंडीत ओसरीवर झोपले, आणि सकाळी उठले ते सर्दी घेऊन. ज्या नाकासाठी आम्ही एवढे पायडल मारले होते, ते गच्च बंद. त्यांनी निलगिरी हुंगली, मोहरीचे तेल घातले, उन्हाकडे पाहून शिंकून पाहिले. काही उपयोग झाला नाही. ते एवढे खिन्न झाले की सायकलची घंटीसुद्धा वाजवेनात. "आता मी बिनवासाचा गुरुजी," म्हणाले, आणि पुन्हा शिंकले.

चिचगडच्या अलीकडे रानाच्या कडेला एका घरी आम्ही दुपारी थांबलो. मामा घरधन्यापाशी ओसरीवर बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "काजळी? नाही जी," तो म्हणाला. "आमी लुचई पेरतो. दुसरं काहीच नाही आमच्या घरी." मामांनी वहीत गावापुढे फुली मारली. मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले. तिथे त्याची बायको, धुरपताबाई, चुलीवर पेज ढवळीत होती. मडक्यावरचे झाकण तिने बाजूला केले, आणि मी जिथे होते तिथेच उभी राहिले. मी दहा वर्षांची झाले होते. माघातली सकाळ होती. आई हंड्याजवळ उभी होती आणि अजून तिला काही कळले नव्हते.

"मावशी, हा भात कोणत्या धानाचा?"

"हे?" ती हसली. "हे माहं आहे. माहेराहून ओटीत आलं होतं. त्या विहिरीमागच्या कोपऱ्यात पेरतो. सणासुदीले, नाहीतं जीव नाही लागला का शिजवतो." तिने सुपातले धान पुढे केले. प्रत्येक दाण्याच्या टोकाला काजळ होते.

मी ओरडले असले पाहिजे, कारण मामा आणि घरधनी दोघेही धावत आले. घरधनी डोळे विस्फारून म्हणाला, "हे आपल्या घरी होतं?" धुरपताबाईने पळी मडक्यात सोडली. "पंधरा वर्सं खाऊन राहिले. कधी इचारलं, काय भात आहे म्हून?"

चार वर्षे मामांनी पुरुषांना विचारले होते. बीज बायकांच्या कोपऱ्यात होते.

मामा मडक्यावर वाकले. त्यांनी वाफ ओढली, पुन्हा ओढली, आणि हताश होऊन माझ्याकडे पाहिले. काळे टोक त्यांना दिसत होते. पण डोळ्यांवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. ते तिथेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तू सांग. कसा आहे?"

मी डोळे मिटले. "दूध उतू जाऊन गरम राखेत पडतं, तसा."

"अजून."

"उन्हात वाळलेल्या लुगड्याची घडी मोडावी, तसा."

"अजून."

"आई रडून तोंड धुऊन येते आणि आपल्याला जवळ घेते, तेव्हा येतो तसा."

मामांनी खांद्यावरचा पंचा तोंडाशी धरला. सर्दी होतीच, त्यामुळे कुणाला काही वेगळे वाटले नाही. पंच्याआडून आवाज आला, "हीच."

धुरपताबाई मामींच्या माहेरचीच लेक निघाली. दोघी लहानपणी एकाच विहिरीवर पाणी भरीत. मामांनी पिशवीचे तोंड उघडून धरले तेव्हा तिने हात मागे घेतला. "असं पिशवीत नाही देत जी. पोरी, पदर पसर." तिने कुंकू लावले आणि आईच्या जांभळ्या काठाच्या पदरात काजळीच्या पाच मुठी घातल्या. मी गाठ मारली. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याशी मामा मागे वळून म्हणत, "गाठ?" आणि मी म्हणे, "आहे."

कुडव्याला पोचल्यावर मी गाठ सोडू लागले तर मामांनी हात धरला. आईला म्हणाले, "शांता, हे लुगडं तुझं. गाठीसकट नेस. हे मी घरी नेणार नाही." आईने मला विचारले, काय आहे; मग गाठीवर हात ठेवला, आणि तिला उत्तराची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी ती मामांच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसली, जन्मात पहिल्यांदाच, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी मागून माझ्या सायकलवर.

मामी अंगण सारवीत होत्या. आई फाटकाशी थांबली. मामींनी वर पाहिले, शेणाचे हात तसेच हवेत राहिले. आईने नुसता पदर पुढे केला. मामी उठल्या, जवळ आल्या, गाठीशी वाकल्या. वाकूनच राहिल्या बराच वेळ. मग म्हणाल्या, "ननदबाई, उकडलं तं नाही ना?"

आई आधी दचकली आणि मग हसू लागली. पाच वर्षांचे हसू होते ते. मामींनाही आवरेना, आणि शेणाच्या हातांनीच त्यांनी आईला मिठी मारली. जांभळ्या काठाच्या त्या लुगड्यावर पाठीशी दोन पुसट पंजे कायमचे राहिले. आईने ते कधी घासून काढले नाहीत.

पहिल्या हंगामाचे सारे धान बियाण्यालाच ठेवले. दुसऱ्या वर्षीच्या भाऊबिजेला मामींनी काजळी शिजवली आणि पहिले ताट आईपुढे ठेवले. मामांची सर्दी तेव्हा नव्हती. तरी घास घेण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडेच पाहिले आणि भुवया उंचावल्या.

माझे लग्न झाले तेव्हा माझ्या ओटीत काजळी आली. नंतर शहरे बदलत गेली, शेत कधी वाट्याला आले नाही; मी ती मूठ नणंदेच्या शेतावर पेरायला दिली आणि तिच्याकडून दर दिवाळीला थोडा तांदूळ येत राहिला. मामा थकल्यावर त्यांचे नाकच आधी गेले. शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते, सायकल भिंतीला टेकून. मी काजळीचा भात करून वाटीत नेला. त्यांनी वाटी नाकाशी धरली, सवयीने, आणि काही लागले नाही म्हणून हसले. मग डोळे मिटून उशीला टेकले आणि ऐकायला सज्ज झाले.

मी सांगू लागले. दूध, राख, उन्हातले लुगडे. मामी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी थांबले की मामांचे ओठ हलत. आवाज उमटत नव्हता, पण शब्द मला ठाऊक होता.

अजून, ते म्हणत होते. अजून.