माझ्या नावावरचा रेणूचा अभ्यास

मी मस्कतला निघाले त्या सकाळी मुंबईची बस सुटायला तासभर होता आणि माझी फाईल हर्सूलच्या खोलीवर राहिली होती. आई बसस्थानकाच्या बाकड्यावर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, आप्पा उगाच दर पाच मिनिटांनी कंडक्टरला गाडीचा नंबर विचारत होते. फाईलचं लक्षात येताच मी बाकड्यावरच बॅग उपसली. धाकटी बहीण रेणू रिक्षात बसली आणि गेली. परत आली तेव्हा घामानं डबडबलेली होती, आणि धूळ लागू नये म्हणून फाईल ओढणीत गुंडाळलेली.

"घे. नऊच्या नऊ प्रमाणपत्रं आहेत. मोजून आणलीत," ती म्हणाली.

"असं ईसरून कसं चालंल गं? तुझा अख्खा अभ्यास हाय त्यात," आप्पा म्हणाले.

रेणू खाली वाकून माझ्या बॅगेची चेन लावत बसली. मी फाईल पर्समध्ये सरकवली. त्या फाईलमधला एकही अभ्यास माझा नव्हता.

हे मी आज लिहितेय ते तुमच्यासाठी, जे आपल्या गावी पिशोरात राहिलात, आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे बॅग उचलून निघालात. निघालेल्यांना वाटतं, आपण आपल्या हिमतीवर निघालो. मलाही लई दिवस तसंच वाटत होतं. वाटून घेत होते म्हणा.

आप्पांचं पिशोरच्या बाजारात शिलाईचं दुकान. लागोपाठ दुष्काळ पडले तेव्हा लग्नं साधी झाली, नवे कपडे कुणी शिवेना, आप्पा जुन्याच कपड्यांना ठिगळं लावत बसायचे. मी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कॉलेजात पर्यटन व्यवस्थापन शिकत होते आणि स्टेशनजवळच्या एका हॉटेलात कॉलेज सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत रिसेप्शनवर उभी राहत होते. आईनं रेणूला माझ्याकडं पाठवलं. गावच्या विहिरीनं तळ दाखवला होता, आणि थोरल्या पोरीनं एकटीनं खोली करून राहावं हेही आईला पटत नव्हतं. रेणूची बारावी झाली होती. बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला आणि ती आली. एका बॅगेत तिचे कपडे, दुसऱ्या पिशवीत ज्वारीचं पीठ.

हर्सूलला तेव्हा रोज एक नवी इमारत उभी राहत होती. प्लॉट पाडलेल्या मोकळ्या रानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा, त्यापलीकडं तलाव, आणि तलावात पाण्यापेक्षा भेगा जास्त. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. बाकी सगळं टँकरवर. माणसं मात्र वाढतच होती, आमच्यासारखी, गावाकडं पाणी नाही म्हणून पाणी नसलेल्या शहरात आलेली.

आमच्या कॉलेजात एक सर होते. पुस्तकं आमच्या आवाक्याबाहेर आहेत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फळ्यावर संकेतस्थळांची यादीच लिहून दिली. व्यवस्थापनाची खुली पुस्तकं, परदेशी विद्यापीठांची व्याख्यानं, पर्यटनावरचे पूर्ण अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रासकट. सगळं मोफत. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "फुकट ते पौष्टिक म्हणत्यात, पण विद्या फुकट कोण देतं गं? नीट बघ, कायतरी लबाडी आसंल."

लबाडी होती, पण ती त्या संकेतस्थळांची नव्हती.

मी सायबर कॅफेत जाऊन माझ्या नावानं ईमेल काढला, त्यावर खातं उघडलं, पहिल्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. घरात ईमेल तेवढा एकच, आणि बरा फोनही एकच. मी कॉलेजच्या वायफायवर धडे उतरवून आणायचे आणि पाय दुखतात म्हणून झोपून जायचे. माझी ड्यूटी असली की फोन रेणूजवळ राहायचा, कारण टँकर आला की शेजारणी त्यावर फोन करत. आठ दिवसांनी ती जरा भीतभीतच म्हणाली, "ताई, तुझा पुढचा धडा मी ऐकला. खालचे प्रश्नही सोडवले. चालतंय ना?"

मी बघितलं तर दहापैकी नऊ बरोबर. म्हटलं, "व्हय, चालतंय की! तेवढंच माझं काम हलकं."

तिथून ते सुरू झालं. टँकरच्या रांगेत निळ्या ड्रमवर बसून ही पोरगी सेवा क्षेत्राचं विपणन ऐकायची. एका कानात इअरफोन, दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा. इंग्रजी तिला माझ्याहून कच्चं होतं, पण ती व्हिडिओखालच्या ओळी थांबवून थांबवून वाचायची आणि अडलेले शब्द आप्पांच्या दुकानातल्या जुन्या मापवहीच्या मागं लिहायची. संध्याकाळी मी आले की माझ्यामागं लागायची. ताई, नफा ना तोटा हा बिंदू तुमच्या हॉटेलचा किती खोल्या भरल्यावर येतो? ताई, परदेशी पाहुणा वेरूळ बघून त्याच दिवशी परत जातो, मग गावात काय राहतं? मी म्हणायचे, "बाई गं, मला आधी चहा दे."

असली मी शहाणी!

एका अभ्यासक्रमात वहनक्षमता असा धडा होता. एखादी जागा किती माणसं सोसू शकते, त्याचा. रेणूला तो धडा झपाटून टाकणारा वाटला. शेवटी एक निबंध लिहायचा होता. तिनं लेण्यांच्या वाटेवरच्या लॉजबद्दल लिहिलं. पाहुण्याच्या एका अंघोळीला जेवढं पाणी जातं, तेवढ्यात शेजारच्या घराचा दिवस कसा निघतो, आणि तरी त्या घरातली बाई लॉजवर चादरी धुवायला का जाते. तिनं मराठीत लिहिलं, मी इंग्रजी केलं. माझा हात लागला तो एवढाच. तिकडून कुठल्या कुठल्या देशांतल्या विद्यार्थ्यांचे शेरे आले. एकीनं लिहिलं होतं की हा निबंध वाचून मी अंघोळीला बादली घेतली. रेणू ते वाचून दिवसभर हसत होती.

प्रमाणपत्रं मी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून आणली. प्रत्येकावर ठळक अक्षरात माझं नाव. रेणूनं ती गादीवर ओळीनं मांडली, जरा वेळ बघितली आणि म्हणाली, "ताई, एकावर तरी माझं नाव येईल का गं?"

रागानं नव्हे हो. सहज विचारलं, दुकानात दुसरा रंग आहे का विचारावं तसं. आमच्या आईचं लहानपणापासून एक वाक्य आहे. एका कंगव्यावरून भांडलो तरी ती म्हणायची, "दोघी भनींत काय तुझं-माझं?" तेच मी रेणूच्या तोंडावर मारलं. वर म्हटलं, माझी नोकरी लागू दे, मग तुझं वेगळं खातं काढू, सगळं पहिल्यापासून तुझ्या नावानं करू. ती हो म्हणाली. वेगळं खातं काढायला खरं तर दहा मिनिटं लागली असती.

मस्कतच्या एका पर्यटन कंपनीत मी अर्ज केला, त्याला प्रमाणपत्रं आणि तो निबंध जोडला. त्यांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, तेव्हा त्यातल्या एका बाईंनी नेमका तोच निबंध विचारला. ही कल्पना कुठून सुचली? रेणू दाराआड उभी होती, आवाज होऊ नये म्हणून कुकरही लावला नव्हता तिनं. मी म्हणाले, "आमच्या घरी पाणी नाही, मॅडम." बाई खूश झाल्या. दाराआडून रेणूनं मला अंगठा दाखवला. तो अंगठा मला आजही सोडत नाही.

आणि मग मी इथं आले. हे तर खरं वाळवंट. पण नळ सोडला की चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी मी नळ चालू-बंद करून बघत बसले आणि रडले. आता माझ्या बोलण्यात 'चला'ऐवजी यल्ला, शिवाय खल्लास, बुकिंग, चेक-इन असलं काय काय आलंय. इथली माणसं माझं नाव अर्धंच घेतात. मी पाहुण्यांना डोंगर दाखवते, किल्ले दाखवते, पगार घरी पाठवते, आणि फोनवर आई विचारते, जेवलीस का, तर न जेवताही हो म्हणते. रेणूचं बी.ए. झालं. ती वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सुट्या भागांची तपासणी करायला लागली. शिफ्टच्या बसमध्ये तिला फोन केला की मागं बायकांचा गलका असायचा.

माझं तिसरं वर्ष चालू होतं. एक दिवस तिनं आपणहून फोन केला. आवाजच वेगळा. परदेशातल्या एका विद्यापीठानं पर्यटन शिकणाऱ्यांसाठी काही जागा काढल्या होत्या, फी माफ, राहणं माफ. मोफत अभ्यासक्रमांतून आपलं आपण शिकलेल्यांना आधी घेणार होते. पुरावा म्हणून प्रमाणपत्रं, किंवा ज्यानं तो अभ्यास डोळ्यांनी पाहिला त्याचं पत्र. "ताई, तू एक पत्र देशील? ते नऊ मी केले म्हणून. महिनाअखेरपर्यंत पाठवायचंय."

मी म्हणाले, "बघते."

आपल्याकडं बघते म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पत्र मी लिहिलं. दोनदा लिहिलं. मग वाटलं, हे फिरत फिरत माझ्या कंपनीत आलं तर? खोटी कागदपत्रं म्हणून काढून टाकतील, व्हिसा जाईल, पिशोरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. महिना संपला. पत्र पाठवलं नाही. रेणूनं पुन्हा विचारलं नाही. पुढच्या फोनवर ती टँकरचं बोलली, आईच्या गुडघ्याचं बोलली, आणि मला हायसं वाटलं. थू माझ्या जिण्यावर!

आणि आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. नुसती भीती नव्हती. तिला ती जागा मिळाली असती तर घरात पुढं गेलेली पोरगी ती झाली असती. मग मी कोण? हे मी तेव्हा मनातही नीट उच्चारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडं नव्या मुली शिकायला आल्या. त्यांच्यासाठी मोफत अभ्यासक्रमांची यादी करायचं काम मॅनेजरनी मला दिलं. मी नऊ नावं भराभरा लिहिली. त्यांतल्या नाशिकच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही वहनक्षमता मोजतात कशी?" मला सांगता येईना. ती पोरगी वही उघडून, पेन धरून माझ्याकडं बघत राहिली. मी उठले आणि सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले. मूळचे केरळचे, साठीला आलेले गृहस्थ. सगळं सांगून टाकलं, आणि नोकरी गेली असं समजून उभी राहिले.

ते हसले. "अरे, वो कागज कौन देखता है?" त्यांना रिसेप्शनवर काम केलेली, पाहुण्याशी न घाबरता बोलणारी मुलगी हवी होती, बस्स. मुलाखतीत निबंध विचारला तो मी बोलते कशी ते बघायला. तेव्हाच सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, अशी बहीण होती तर आधी का नाही बोललीस? तू लागलीस त्या वर्षी दोन जागा होत्या. तिलाही घेतलं असतं.

मी त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेर आले आणि रेणूला फोन लावला. ती नुकतीच कंपनीतून येऊन भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, न पाठवलेल्या पत्रासकट. तिनं भाजीचं ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"मला कळलं व्हतं तवाच," ती म्हणाली. "पण मला वाटलं, पत्र दिलं तर तुला काढत्याल. म्हणून मी पुन्ना विचारलं नाय." मग हळूच म्हणाली, "घरी मी सांगितलंय, ताईनं पत्र लगेच पाठवलं, पर जागा भरल्या व्हत्या. आप्पा अजून दुकानात गिऱ्हाइकाला सांगत्यात, थोरलीनं धाकटीसाठी लई केलं."

इतकी वर्षं मी घर घर म्हणून जीव टाकत होते, ते घर माझ्यासाठी असं कुणीतरी सांभाळून ठेवलेलं. तिथं माझं नाव चांगलं आहे, कारण रेणू माझ्यासाठी खोटं बोलली. मला घर म्हणजे आता एवढंच दिसतं, आणि तिथं जायची पहिल्यांदाच भीती वाटते.

तिकीट काढलंय. आप्पांच्या दुकानात, गिऱ्हाईक असलं तरी त्याच्यासमोर, खरं काय ते सांगणार आहे. रेणू म्हणते, "नको ताई, त्यांना बरं वाटतंय. राहू दे तुला तेवढं."

तिचं मी आजवर सगळं घेतलं. एवढं नाही घेणार.