व्हाळ नोव्हेंबरात अडवायचा असतो

माझं माहेर सांगलीकडचं, सासर मालवणकडचं आणि संसार बोरिवलीत. माहेरचा पाऊस कोकणातल्या पावसाच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी तिथे भर उन्हाळ्यात शेतं हिरवी. सासरी पावसाळाभर धो धो, आणि एप्रिलात माझी थोरली जाऊ दोन हंड्यांसाठी विहिरीच्या तळाशी उतरायची. लग्नानंतर हे पाहून मी संतापले होते. तो राग अजून गेलेला नाही.

माहेरी कालवा आला, कारण माणसं गावात राहून पाण्यासाठी भांडली. सासरचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. पाणी उतारावरून समुद्राला मिळत राहिलं, ते मागायला गावात कोणी उरलंच नाही.

मग जावेचा फोन आला. "औंदा पाणी नाय गावला तर घराक कुलूप लावतलंय. थंय मुंबैकच येतलंय कायमची."

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. त्या रविवारी मुलुंडला एका शाळेच्या वर्गात बैठक होती. पुरुष बाकांवर, आम्ही बायका चहापाशी. विषय, देवळापुढची कमान. मी किटली खाली ठेवली.

"कमान राहू दे. आधी व्हाळाला बांध घाला."

अध्यक्ष हसले. "वहिनी, मे महिन्यात गावी जाऊ तेव्हा बघू ना."

दरवर्षी हेच. आम्ही चाकरमानी गावी जातो गणपतीत आणि मेमध्ये. गणपतीत व्हाळाला, म्हणजे गावच्या ओढ्याला, इतका जोर असतो की बांध टिकत नाही, मेमध्ये तो ठणठणीत कोरडा. अडवण्याजोगं पाणी असतं नोव्हेंबरात, आणि तेव्हा आम्ही सगळे इथे.

"मेमध्ये काय अडवणार, धुरळा? कमान होईल झकास, पण तिच्याखालून जायला गावात राहणार कोण?"

एरवी मला घाटीण म्हणून चिडवणारे सासरे काठी टेकत उठले. "ती बराबर बोलता. नोव्हेंबरात मी जातलंय. कोण येता?"

सातजण आले. बोरिवलीत नव्या इमारतींच्या कामावरून रिकामी सिमेंटची पोती मी मागून आणली होती. ती मातीनं भरून आम्ही ओढा अडवला. पोती फाटतात, दरवर्षी नवी लागतात. दरवर्षी नेते.

या एप्रिलात माझ्या मुलीच्या साखरपुड्याला जाऊ सकाळी बोरिवलीत आली आणि संध्याकाळी पिशवी उचलून निघाली. चार दिवस राहा म्हटलं, तर चपला घालता घालता म्हणाली, "माका रवाक गावाचा नाय गे. मिरचेक पाणी लावचा आसा."