माइक बंद असताना

आमच्या वैशाली नगरात सरकारी कार्यक्रम असला की माइकवाले काका ठरलेले, आणि सूत्रसंचालनाला मी. कारण माझा आवाज फुकट मिळतो. काका आधी मशीनला हात लावतात, डोळे मिटून पुटपुटत मारुतीची प्रार्थना म्हणतात आणि मगच बटण दाबतात.

नव्या सरकारी दवाखान्याच्या उद्घाटनाला आरतीचं ताट आलं. मी जोशात गर्जलो, "आता आपल्या नर्सताई आरती म्हणतील!"

ताईंच्या गळ्यात क्रूस होता. सगळे त्यांच्याकडे बघू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. चूक कळूनही माझी जीभ थांबेना. "या, या, लाजू नका..."

तेवढ्यात माइक बंद पडला. काका उठून म्हणाले, "लाइनमधे फॉल्ट आहे. तवरीक ताई, तुमी दार उघडा ना, पेशंट उभे आहेत."

ताईंनी हसून दार उघडलं, टाळ्या पडल्या आणि फॉल्ट आपोआप गेला. मी मनातल्या मनात काकांना हात जोडले.

नंतर चहा पाजताना विचारलं, "काका, तुम्ही एवढे भक्त, मग आरती कावून बुडवली?"

"कुठं बुडवली? माही तर सकाळीच झाली. माह्या देवाले माइक लागत नाही, भाऊ. तुले लागते."