बिली वयात आला होता

कुणी कुणाला ‘उंटावरचा शहाणा’ म्हटलं की उंटकाका भर पार्टीत भांडायला उठायचे. "मूर्ख तो माणूस, बदनामी उंटाची का?" तरुणपणी ते बिकानेरकडे उंटांचे डॉक्टर होते. इथे परदेशात, अर्विंगला, जनावरांच्या डॉक्टरचं लायसन्स मिळालं नाही म्हणून जन्मभर लॅबमध्ये नोकरी केली. रिटायर झाल्यावर गावाबाहेरच्या एका फार्मवर उंट बघायला जायचे. गाडीने राइड द्यायला मी.

बिली तिथला सगळ्यात धाकटा नर. काका त्याचे दात बघून सांगायचे, वाळवंटात चारा कमी, तिथे नर उशिरा वयात येतो. हा खाऊनपिऊन सुखी, याला चौथं लागलंय, या थंडीत रंग दाखवणार. हेच ते आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणालाही सांगायचे आणि मंडळातल्या बायका पोरांना घेऊन दुसऱ्या टेबलावर जायच्या. डॉक्टर-इंजिनिअर सगळे, आणि उंटाच्या वयात येण्याची लाज!

डिसेंबरात बिलीने रंग दाखवलाच. तोंडाला फेस, मानेमागे काळा चिकट स्राव, खाणं बंद, आणि गुडगुडत जबड्याबाहेर लोंबणारा लाल फुगा. तो नराचा टाळू, मादीसाठी फुगवतो. मालकाला वाटलं, पिसाळला. नाताळच्या देखाव्यात पोरांपुढे उभा करायचा उंट चावायला धावतो म्हणून त्याने सोमवारी गोळी घालायचं ठरवलं. काकांनी फोनवर परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "यू आर नॉट अ व्हेट, सर."

शुक्रवारी काकांनी मला फोन केला. "उद्या नेशील? तू बरोबर असलीस तर ऐकेल तो. आजारी नाही गं बिली, वयात आलाय. थंडी सरली की माज उतरेल."

शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता आणि चाळीस माणसांचा मसालेभात माझ्याकडे होता. मी म्हटलं, रविवारी जाऊ, सोमवारला अवकाश आहे.

रविवारी पोचलो तर बिलीचा कोपरा धुऊन काढलेला. शनिवारी दुपारी गोळी घालायला माणूस मोकळा सापडला म्हणून उरकून टाकलं म्हणे! तीन वर्षं पाळलेलं जनावर, आणि उरकून टाकलं. मी मालकाला तोंडाला येईल ते बोलले. काकांनी बिलीचा दोर तेवढा मागून घेतला.

त्या मालकाचा मला अजून संताप येतो. पण मसालेभात झकास झाला होता असं कुणी म्हटलं की माझाच जास्त येतो.

काकांनी पुन्हा कधी राइड मागितली नाही. मार्चमध्ये मुलीकडे डब्लिनला कायमचे राहायला गेले, तेव्हा मी चार दिवस आधीपासून एअरपोर्टला सोडते म्हणत होते. ते टॅक्सीने गेले.