देसांकाची नदी आणि तापलेलं कार्ड

देसांकाने उभं आयुष्य आमच्या नाटकघरात दिवे सांभाळले. माझ्या तोंडावर तिने असा उजेड पाडला, की साठीतही मी प्रियकर म्हणून खपलो! निवृत्तीआधीच्या शेवटच्या नाटकाला तिने हट्ट धरला. रंगवलेले पडदे नकोत, मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली बेगेय नदी वाहती दाखवायची. दिग्दर्शकाने कुरकुरत मान्य केलं. जुने पडदे मोडीत गेले. आणि पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती नदी भिंतीवर उमटवणाऱ्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड जळालं. आता नदी नाही तर नाटकही नाही.

दुकानात एक नवंकोरं कार्ड होतं. नावातला आकडा मोठा, खोकं झगमगीत.

"घे की!" मी म्हटलं.

"याची मेमरी आठ जीबी. माझ्या नदीला बारा लागते."

"पण दुकानदार म्हणतो, फार वेगवान आहे."

"रातोमीर, विंगेत जागाच नसेल तर चपळ नट घेऊन काय करशील? प्रत्येक प्रवेशाचं सामान लांबच्या गोदामातून आणावं लागेल. नदी अडखळेल."

मला तेवढं पुरलं.

बेलग्रेडहून मागवायला वेळ नव्हता. सोळा जीबीचं जुनं कार्ड गावात एकट्या वुकाशिनने विकायला काढलं होतं. 'फारसं वापरलेलं नाही,' असं जाहिरातीत लिहिलेलं. आम्ही पोचलो तर घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यांच्या कुळाच्या संताचा, निकोलाचा सण! या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं आणि दारी आलेल्याला कुणी परतवत नाही. आम्हालाही बसवलं. समोर मासळीचा रस्सा, मधोमध संताच्या नावाची जळती मेणबत्ती; तिच्यासमोर खोटं बोलणं पाप. देसांकाने रीतीप्रमाणे उकडलेल्या गव्हाचा चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "कार्ड लावून दाखव."

वुकाशिन हसला. "मावशी, सणासुदीला संशय? शपथ घेऊ?"

"शपथ नको. मेणबत्ती जळतेय. नुसतं लाव."

सगळ्यांचे चमचे थांबले. वुकाशिनच्या म्हाताऱ्या आईने त्याच्याकडे पाहिलं. "लाव की रे. लपवण्यासारखं काही आहे का?"

वुकाशिन उठला. संगणक आणून त्याने कार्ड बसवलं. देसांकाने पर्समधून आपली नदी काढली, म्हणजे ती साठवलेली डबी, आणि जोडली. पडद्यावर पाणी वाहू लागलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं ना? आता मासळी खा," वुकाशिन म्हणाला.

"थांब. तापू दे."

पंख्याचा आवाज चढत गेला. रस्सा थंड झाला. आणि मग पलीकडच्या काठावर एक हिरवा चौकोन उमटला. दुसरा. मग मूठभर.

"वुकाशिन," आई एवढंच म्हणाली.

त्याने मेणबत्तीकडे पाहून मान खाली घातली. "चुलतभावाने वर्षभर हे कार्ड इंटरनेटवरची बिटकॉइनसारखी नाणी काढायला जुंपलं होतं. रात्रंदिवस."

मी कोट उचलला. देसांका मात्र जागची हलली नाही.

"मेमरी भाजलीय बिचारीची," ती पुटपुटली. "पळवली की दम लागतो. पण माझ्या नदीला कुठे पळायचंय? तिला जागा हवी."

तिने मेमरीचा वेग एक पायरी उतरवला. चौकोन विरळ झाले. आणखी एक पायरी. एक चौकोन चिवटपणे लुकलुकत राहिला. आणखी एक, आणि तोही गेला. मेणबत्ती बोटभर जळून गेली तरी पाणी स्वच्छ वाहत होतं.

"हेच नेते. जाहिरातीतली किंमत मात्र विसर."

"म्हणाल ते द्या, मावशी." दारापर्यंत येऊन त्याने हळूच विचारलं, "उद्या टिकेल ना?"

"ते आज नको विचारूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी विंगेत तिच्याजवळ उभा होतो. तिचा एक हात सारखा संगणकाच्या पेटीवर. शेवटच्या अंकात नदीच्या एका कोपऱ्यात एक हिरवा ठिपका चमकला. देसांकाने माझं मनगट असं आवळलं, की तिची बोटं रुतली; मला माझे संवादही कधी इतके रुतले नव्हते! ठिपका विझला. नदी वाहत राहिली, थेट पडदा पडेपर्यंत.

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. शेवटच्या रांगेत आईशेजारी वुकाशिन बसलेलाच होता. दोन्ही हातांनी अजूनही खुर्ची घट्ट धरून.