होडीच्या पोटातले तीन ठोके

गोदीच्या गौरवाचं माझं भाषण पुस्तिकेत छापायचंय म्हणून धाकट्या मालकांचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तिसरा आला तर कागद उंदरांनी खाल्ला म्हणून सांगेन. एक मोठं खोटं बोलून झालंय, त्यात हे चिमूटभर.

भाषण वाईट नव्हतं. भिवंडीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलंय, तेवढं येतं मला. कोन गावच्या खाडीकाठी ही गोदी तीन पिढ्या चालली. तिथे पडाव बांधायचे, म्हणजे माल वाहायच्या मोठ्या लाकडी होड्या. भिवंडीतल्या किती घरांच्या विटा, किती लूमच्या शेडची कौलं आणि रेती, गुरांचा पेंढा, लग्नाची वऱ्हाडं त्या पडावांतून आली. आज वळ गावच्या बाजूला गोडाऊनांच्या रांगा आहेत. तिथल्या ड्रायव्हरला खाडी विचारली तर म्हणतो, "कौनसी खाडी?" त्याचं तरी काय चुकलं? आमच्याच लोकांना आठवत नाही.

माझे बाबा त्या गोदीत सांधे भरायचे. दोन फळ्यांच्या फटीत कापसाची वात लाकडी मोगरीने ठोकून बसवायची, वरून गरम राळ. घरभर राळेचा वास असायचा. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं वडील काय करतात, तर मी 'कारखान्यात असतात' एवढंच सांगायची. लाज वाटायची, दुसरं काय.

गोदीचा एक रिवाज होता. नवा पडाव पहिल्यांदा पाण्यात गेला की ज्याने सांधे भरले त्यानेच त्याच्या पोटात बसायचं. वर झाकण, आत अंधार, हातात मोगरी. मधूनमधून एक ठोका मारला की सगळं कोरडं आहे. लागोपाठ तीन मारले की पाणी शिरलं, काठाला घ्या. आणि त्या फेरीत वर कुणी ब्र काढायचा नाही. लहानपणी मीही त्या फेऱ्यांना गेलेय. खोकला आला तरी पदर तोंडात कोंबणाऱ्या बायका पाहिल्यात.

मग पडाव बांधणं थांबलं. मागच्या वर्षी जागा गोडाऊनला द्यायचं ठरलं, आणि ती जाण्याआधी गोदीचा गौरव करायचा असं धाकट्या मालकांच्या मनात आलं. शेवटचा बांधलेला पडाव किती वर्षं काठावर उन्हात पडून होता. तोच रंगवून, पताका लावून, पाहुण्यांना बसवून खाडीत एक फेरी मारायची. बाबांना शाल-श्रीफळ. भाषण मी करायचं, तेही पडावावर उभं राहून. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आदल्या आठवड्यात बाबांना तिथे घेऊन गेले. मंडपवाल्याच्या माणसांनी सगळे सांधे पुट्टीने बुजवून वर निळा ऑइलपेंट चढवला होता. पडाव नुसता चकचकत होता. बाबांनी नखाने एक सांधा खरवडला. पुट्टीची खपली हातात आली आणि आतून उजेड दिसला.

"लाकूड तहानेलं हाय, बाय," ते म्हणाले. "तीन भरत्या त्याला पाण्याखाली निजू दे. फुगंल, सांधं मिटतील, मंग माणसं चढव. न्हायतर चढवू नको."

मी धाकट्या मालकांना सांगितलं. ते हसले. तीन भरत्या बुडवला तर रंगाचं काय होणार, पाहुण्यांची तारीख पक्की आहे, अर्ध्या तासाचा तर प्रश्न. मी घरी येऊन तेच शब्द बाबांना ऐकवले. वर तुमचं म्हणजे नेहमीचंच, दुधात मिठाचा खडा, असंही बोलले. मी फटकळ आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांनी माळ्यावरून मोगरी काढली आणि तिच्यावरची धूळ पुसत बसले.

कार्यक्रमाच्या सकाळी पूर्ण भरती होती. वारा पडलेला, पाणी काळं आणि कुजकट वासाचं. बाबांना शाल पांघरली, फोटो झाले, आणि ते शालीसकट, हातात मोगरी घेऊन, झाकण उघडून आत उतरायला लागले. लोकांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी दंड धरला तेव्हा म्हणाले, "सांधं माझं हाईत." झाकण त्यांनीच ओढून घेतलं.

दोघे खलाशी बांबूने रेटत पडाव मधे घेऊन गेले. माइक चालू झाला, दोन कर्णे लागले होते. मी वाचायला लागले. पायाखाली एक ठोका जाणवला, जिवात जीव आला. थोड्या वेळाने आणखी एक. पाहुणे माना डोलवत होते, माझा आवाज खाडीपलीकडून परत येत होता. शेवटचं पान आलं. त्यावर बाबा होते: त्यांचे हात, राळेने भाजलेली बोटं, आयुष्यात मी कधी चारचौघांत न सांगितलेलं सगळं.

आणि तळव्यांना तीन ठोके लागले.

मला कळलं. कळलं नाही असं मी कुणालाही सांगू शकते, स्वतःला नाही. एक पान राहिलं होतं. वाटलं, एवढं वाचून घेऊ, मग सांगू. पुन्हा तीन. मी आवाज चढवला. पुन्हा तीन झाले, आणि मग काहीच नाही. टाळ्या पडल्या तेव्हा पडाव एका अंगाला कलला होता. एक खलाशी ओरडला आणि दोघांनी जिवाच्या आकांताने तो काठाच्या चिखलात घातला.

पाहुणे गुडघाभर चिखलातून चालत गेले. खलाशांनी झाकण उचकटलं. बाबा गळ्यापर्यंत पाण्यात होते, तोंड वर, छपराला लावलेलं. सत्काराच्या शालीच्या चिंध्या करून त्यांनी सांध्यात ठोकल्या होत्या. मोगरी हातात तशीच.

पाच दिवस दवाखान्यात काढले. छातीत पाणी झालं होतं. सहाव्या दिवशी घरी आणलं, पेज भरवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "ठोकं ऐकू आलं नाय का गो तुला?"

मी म्हटलं, "नाही बाबा. कर्णे चालू होते ना."

त्यांनी उजवा हात पांघरुणावर ठेवला आणि बराच वेळ बोटं उघडून मिटून पाहिली.

"मंग हातातलं बळच गेलं म्हनायचं," ते म्हणाले. "पैले सगळ्या खाडीला ऐकू जायचा माझा ठोका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोगरी चुलीत घालायला सांगितली. अजून मी ती घातलेली नाही, आणि खरंही सांगितलेलं नाही. हल्ली पाण्याचा तांब्यासुद्धा ते दोन्ही हातांनी धरतात.